सत्तर हजार पॅकेजं आणि एक नवखा माणूस

डेबियन या लिनक्स प्रणालीची १३वी आवृत्ती ऑगस्ट २०२५मध्ये आली, तेव्हा तिच्या भांडारात ६९,८३० पॅकेजं, म्हणजे बसवायला तयार बांधलेले प्रोग्रॅम आणि त्यांचे भाग, होती. सोलापुरातल्या एखाद्या कॉलेजच्या लॅबमध्ये पहिल्यांदाच लिनक्ससमोर बसलेल्या मुलीला त्यातलं एकच हवं असतं, दोन पीडीएफ जोडून एक करून देणारं. ती ॲप्टला, म्हणजे पॅकेजं शोधून बसवणाऱ्या प्रोग्रॅमला, 'पीडीएफ' शोधायला सांगते आणि पडद्यावरून ओळींचा लोंढा वाहून जातो. पर्ल या प्रोग्रॅमिंग भाषेची लायब्ररी (इतर प्रोग्रॅमांना लागणारा तयार भाग), टेक या मजकूर-जुळणीच्या प्रणालीची जोडणी, कुठल्याशा प्रोग्रॅमची नुसती माहितीपत्रकं. तिला हवं असलेलं पीडीएफ अरेंजर त्याच लोंढ्यात कुठेतरी असतं, पण ते ओळखणार कसं?

भांडार रचलेलं आहे ते संगणकासाठी. कुठल्या पॅकेजला कुठलं लागतं, कुठलं कुणाशी भांडतं, हे यंत्राला बिनचूक कळावं म्हणून. ते काम ते उत्तम करतं आणि त्याला हात लावायची गरज नाही. लागतो तो त्याच्यावर माणसांसाठी घातलेला एक पातळ थर. नवख्याला नाव माहीत नसतं, काम माहीत असतं; म्हणून या थराची मांडणी कामांनुसार करायची, आणि प्रत्येक कामासाठी एक पॅकेज कुणीतरी जबाबदारीनं निवडून द्यायचं. निवडणं टाळून नुसती छान वर्गवारी केली, तर नवख्याचा ताण तसाच राहतो, फक्त जास्त सुबक दिसतो. खालची उदाहरणं डेबियन आणि त्यावर आधारलेल्या उबुंटूची आहेत, पण पद्धत कुठल्याही मोठ्या संग्रहाला लागू पडते.

आधी गाळणी

ॲप्टचा शोध नाव आणि वर्णन या दोन्हींत अक्षरं जुळवतो आणि निकाल वर्णानुक्रमानं लावतो. जास्त वापरलं जाणारं वर, असा विचार त्यात नाही. त्यामुळे पहिलं काम शोध सुधारण्याचं नाही, शोधायचा ढीगच लहान करण्याचं आहे. 'लिब'नं सुरू होणारी नावं, 'डेव्ह', 'डॉक', 'डेटा', 'कॉमन' यांनी संपणारी नावं बाजूला काढा. लायब्ररींचे विभाग, पायथन, पर्ल, रस्ट यांचे विभागही काढा. 'ओल्डलिब्ज' हा विभाग तर आवर्जून काढा, कारण नाव बदललेल्या पॅकेजांची रिकामी टरफलं त्यात असतात. नवखा नेमकं तेच जुनं नाव कुठल्यातरी जुन्या लेखात वाचून आलेला असतो.

याहून खात्रीची गाळणी म्हणजे मेन्यूत दिसणाऱ्या प्रोग्रॅमांची. असा प्रोग्रॅम यूएसआर-शेअर-ॲप्लिकेशन्स या फोल्डरात 'डेस्कटॉप' विस्ताराची एक छोटी फाइल ठेवतो. कुठलं पॅकेज अशी फाइल ठेवतं, हे काहीही इन्स्टॉल न करता ॲप्ट-फाइल या साधनानं कळतं. फक्त आधी त्याची सूची अद्ययावत करून घ्यावी लागते, नाहीतर शोध चालत नाही आणि साधनच बिघडलंय असं वाटतं. दुसरा स्रोत ॲपस्ट्रीम या प्रोग्रॅमांच्या माहिती-सूचीचा: त्यात नाव, वर्णन, पडद्याची चित्रं आणि प्रोग्रॅमचा प्रकार एकत्र मिळतो.

ही गाळणी कुठे चुकते तेही पाहून ठेवा. पॅनडॉक किंवा एफएफएमपेगसारखी टर्मिनलची, म्हणजे नुसत्या आज्ञा टाइप करून चालवायची साधनं हिच्यातून गळून जातात. ती वेगळ्या, हातानं केलेल्या यादीत ठेवावी लागतात. लिबरऑफिस नावाचं पॅकेज स्वतः काहीच ठेवत नाही, ते रायटर, कॅल्क वगैरेंना बोलावतं, म्हणून तेही गळतं. कधी डेस्कटॉप फाइल 'डेटा' किंवा 'कॉमन' पॅकेजात असते आणि प्रोग्रॅम दुसरीकडे, म्हणजे यादीत चुकीचं नाव चढतं. आणि ज्या फाइलीत 'नोडिस्प्ले' चालू आहे ती मेन्यूत दिसणारच नसते, ती वगळा. या चार जागा डोळ्यांनी तपासायला एक संध्याकाळ पुरते.

खण किती, आणि कुणी पाडायचे

डेबियनचे स्वतःचे विभाग म्हणजे ग्राफिक्स, साउंड, व्हिडिओ, टेक्स्ट, युटिल्स, मिस्क असे. रिंगटोन कापायला आलेल्या मुलाला 'साउंड' कळेल. पण चित्रातला मजकूर ओळखून काढणारं साधन 'ग्राफिक्स'मध्ये शोधायचं की 'टेक्स्ट'मध्ये? एका वस्तूला एकच खण, ही पद्धतच इथे अपुरी पडते. यावरचा उपाय आपल्याकडच्याच ग्रंथपालानं फार पूर्वी मांडला. मद्रासच्या एस. आर. रंगनाथन यांनी १९३३मध्ये कोलन वर्गीकरण प्रसिद्ध केलं: पुस्तकाला एका खणात कोंबण्याऐवजी त्याच्या वेगवेगळ्या अंगांची नोंद करायची आणि ती जोडून त्याची जागा ठरवायची. डेबियनमधले डेबटॅग्ज, म्हणजे पॅकेजांना लावलेल्या खुणा, याच वाटेनं जातात. तिथे प्रत्येक पॅकेजाला भूमिका, पडद्याचा प्रकार, उपयोग आणि कशावर चालतं अशी वेगवेगळी अंगं असतात. टॅग सगळ्या पॅकेजांना लागलेले नाहीत, विशेषतः नव्यांना, म्हणून फक्त त्यांच्यावर विसंबून थर उभा राहत नाही. पण सुरुवातीचा कच्चा माल म्हणून ते मोलाचे आहेत.

नवख्यांच्या थराला चार अंगं पुरतात. काय करायचंय: पाहणे, बदलणे, जोडणे, कापणे, रूपांतर, हिशेब, शिकणे. कशावर करायचंय: फोटो, पीडीएफ, गाणं, व्हिडिओ, मजकूर, तक्ता. चालवायचं कसं: खिडकीत की टर्मिनलवर. आणि चौथं, ज्याच्याशिवाय आपल्याकडे यादी अर्धीच राहते: मराठी मजकूर नीट चालतो का. हे अंदाजानं लिहू नका. 'कुऱ्हाड, श्रद्धा, उज्ज्वल, ज्ञानेश्वर' एवढे चार शब्द त्या प्रोग्रॅमात टाइप करा, पीडीएफ काढा, आणि पीडीएफमधून तेच शब्द कॉपी करून दुसरीकडे चिकटवा. दिसायला नीट आणि चिकटवल्यावर काना-वेलांटी उलटीपालटी, असं पुष्कळदा होतं. तसं असेल तर त्या पॅकेजच्या पत्रकावर (त्याबद्दल पुढे येतंच) तसंच लिहा. सोलापुरात ही चाचणी एवढ्यावर थांबत नाही. घरी तेलुगू किंवा कन्नड बोलणारी, उर्दू माध्यमात शिकलेली मुलं याच लॅबमध्ये बसतात, आणि पत्रिका छापणाऱ्या डीटीपी ऑपरेटरकडे एकाच दिवशी तीन लिप्यांचं काम येतं. त्या लिप्यांची चाचणी ती लिपी वाचणाऱ्याकडूनच करून घ्या. उर्दूत तर ओळ उजवीकडून सुरू होते का, इथपासून पाहावं लागतं.

एका अंगात दहापेक्षा जास्त पर्याय ठेवू नका. टॅगांची पूर्ण यादी एकाच फाइलीत असावी आणि तिच्यात भर घालण्याचा अधिकार एक-दोघांनाच असावा, नाहीतर महिन्याभरात 'फोटो', 'चित्र', 'इमेज' असे तीन टॅग शेजारी शेजारी नांदू लागतात. यादी पक्की करण्याआधी दोघांनी एकमेकांना न विचारता त्याच वीस पॅकेजांना टॅग लावावेत. जिथे दोघांचं जुळत नाही तिथे टॅगची व्याख्या सैल आहे. व्याख्या घट्ट करा, पुन्हा वीस घ्या.

शब्द

सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा, कारण नवखा अडतो तो बहुधा इथेच.

डेबियनचा नियम असा की एका ओळीचं वर्णन ८० अक्षरांच्या आत असावं आणि त्यात पॅकेजचं नाव पुन्हा येऊ नये. नियम चांगला आहे, पण वर्णन लिहितो तो प्रोग्रॅम जाणणारा. गिंपचं वर्णन 'ग्नू इमेज मॅनिप्युलेशन प्रोग्रॅम', ऑक्युलरचं 'युनिव्हर्सल डॉक्युमेंट व्ह्यूअर'. दोन्ही खरी आहेत, पण 'फोटोतला मागचा भाग काढायचाय' म्हणणाऱ्याला त्यातून काही हाती लागत नाही. उलट पीडीएफ अरेंजरचं वर्णन सरळ सांगतं: पीडीएफची पानं जोडा, वेगळी करा, क्रम बदला. मराठी वर्णन लिहिताना हाच नमुना ठेवा. क्रियापदं आधी, तंत्र नंतर किंवा मुळीच नाही.

वर्णनाखाली प्रत्येक पॅकेजचं छोटं पत्रक असावं: कोणत्या फाइली उघडतं, पहिलं पाऊल कोणतं, जागा किती लागते, आणि काय करत नाही. यातली शेवटची ओळ सगळ्यात मोलाची असते आणि तीच लोक लिहायचं टाळतात. गिंपच्या पत्रकावर लिहा की फ्लेक्सच्या मोठ्या बॅनरवरची अक्षरं आखायला इंकस्केप घ्या. इंकस्केपच्या पत्रकावर लिहा की त्याची पीडीएफ आरजीबी, म्हणजे पडद्याच्या रंगांत निघते. छापखाना सीएमवायके, म्हणजे छपाईच्या शाईंचे रंग मागत असेल तर शेवटची पायरी पानं मांडणाऱ्या स्क्रायबसमध्ये करा, आणि स्क्रायबस १.६ मालिकेतलं घ्या, कारण जुन्या १.४मध्ये जोडाक्षरं बसत नाहीत. ग्नूकॅशच्या पत्रकावर लिहा की दुहेरी नोंदीचे हिशेब ते चोख ठेवतं, पण जीएसटीचं विवरणपत्र थेट तयार करून देत नाही. टॉवेलच्या कारखान्यातला कारकून ते शोधत आला असेल तर त्याचा दिवस वाचेल. जुन्या मराठी फाँटातली फाइल उघडली की रोमन अक्षरांचा गोंधळ दिसतो, त्यावर कुठलंही फाँटचं पॅकेज टाकून उपयोग नाही. तो मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत रूपांतरित करावा लागतो. हे सांगणारं पत्रक कुठल्याही पॅकेजशिवाय, स्वतंत्र ठेवा.

जागेचा आकडा देताना एक चूक हमखास होते. पॅकेजच्या माहितीत जो आकार दिसतो तो त्या एकट्या पॅकेजचा; त्याच्यासोबत ओढली जाणारी इतर पॅकेजं त्यात धरलेली नसतात. खरा आकडा इन्स्टॉल करताना होकार मागण्याआधी जी बेरीज दिसते तो. नव्यानं बसवलेल्या संगणकावर तो पाहा आणि मग 'नाही' म्हणून बाहेर पडा.

आता शोध. मराठीत शोध चालवायचा तर आधी अक्षरं एकसारखी करावी लागतात. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये ०९७२ या क्रमांकाचं एकच अक्षर म्हणून येतं, किंवा ०९०५ आणि ०९४५ असं अ आणि चंद्र जोडूनही लिहिलं जातं. डोळ्यांना दोन्ही सारखी, शोधाला वेगळी. आणि युनिकोडची नेहमीची सामान्यीकरण पद्धत हे दोन एक करत नाही. ते आपल्यालाच करावं लागतं. 'कुऱ्हाड'मधला र काही कीबोर्ड स्वतंत्र अक्षरानं लिहितात, काही साध्या र-हलंतापुढे झिरो विड्थ जॉइनर हे न दिसणारं चिन्ह घालून. इथे क्रम महत्त्वाचा: आधी र, हलंत आणि जॉइनर या जोडीचं ऱ आणि हलंतात रूपांतर करा, मग उरलेली न दिसणारी चिन्हं काढून टाका. उलट केलंत तर जॉइनर गेल्यावर त्याचा साधा रफार होतो आणि ते दोन शब्द पुन्हा कधीच जुळत नाहीत.

त्यानंतर ऱ्हस्व-दीर्घ. 'व्हिडिओ', 'व्हिडीओ', 'विडिओ' हे तिन्ही लोक लिहितात. शोधाच्या चावीत, म्हणजे फक्त जुळवणीसाठी ठेवलेल्या शब्दाच्या रूपात, दीर्घ वेलांटी-उकार ऱ्हस्व करा, व्यंजनाआधीचा हलंत न, म, ङ यांचा अनुस्वार करा, आणि तोच नियम शोधणाऱ्याच्या शब्दालाही लावा. पडद्यावर दाखवायचा मजकूर मात्र शुद्धच राहू द्या. यानं 'दिन' आणि 'दीन' एक होतात हे खरं, पण सॉफ्टवेअरच्या यादीत त्यानं काही अडत नाही. 'विडिओ' मात्र या नियमांतून सुटतो, तो समानार्थी शब्दांच्या फाइलीत घाला.

आणि विभक्ती. लोक 'गाणं' लिहीत नाहीत, 'गाण्यातला आवाज काढणे' लिहितात. प्रत्यय तोडणारा कार्यक्रम लिहायच्या भानगडीत सुरुवातीला पडू नका. समानार्थी फाइलीत एका ओळीत 'गाणं, गाणे, गाणी, गाण्या, साँग, म्युझिक' एवढं ठेवा आणि शब्दाच्या सुरुवातीशी जुळवा. सामान्यरूप दिलं की 'गाण्यातला', 'गाण्याचा', 'गाण्यांना' सगळे येतात. हेच शब्द रोमन लिपीत लोक जसे टाइप करतात तसेही त्याच ओळीत घाला. मोबाइलवर मराठी लिहिणारी कितीतरी मुलं संगणकाच्या कीबोर्डवर रोमनकडे वळतात.

इतकं करून हे शब्द फक्त स्वतःच्या यादीत ठेवू नका. डेस्कटॉप फाइलीत 'कीवर्ड्स' नावाची ओळ असते आणि तिची मराठी आवृत्ती वेगळी देता येते. ती प्रोग्रॅमच्या मूळ प्रकल्पाकडे पाठवली आणि स्वीकारली गेली की पुढच्या आवृत्तीपासून मराठीत चालणाऱ्या प्रत्येक संगणकाच्या मेन्यूत तो शब्द शोधता येतो. शब्दांच्या मध्ये अर्धविराम लागतो. स्वल्पविराम घातला तर सगळी ओळ एकच लांबलचक शब्द धरली जाते, आणि चूक कुठे आहे ते पटकन दिसतही नाही. पाठवण्याआधी डेस्कटॉप-फाइल-व्हॅलिडेट ही तपासणीची आज्ञा चालवा. आणि कृपा करून इथे शब्दाला शब्द भाषांतर करू नका. 'प्रतिमा संपादक' कुणी टाइप करत नाही. 'फोटो' लिहा, 'एडिट' लिहा, लोक जे लिहितात ते लिहा.

निवड

एका कामाला एक पॅकेज वर, बाकीची 'आणखी'खाली. कुठलं वर ठेवायचं यासाठी डेबियनच्या पॉपकॉनचे, म्हणजे पॅकेजांच्या वापराच्या मोजणीचे, आकडे पाहता येतात, पण जपून. त्यात एक रकाना किती संगणकांवर पॅकेज आहे हे सांगतो आणि दुसरा किती संगणकांवर ते खरोखर वापरलं जातं हे. पहिल्यात डेस्कटॉपसोबत आपोआप आलेली सगळी पॅकेजं फुगून दिसतात, म्हणून दुसरा पाहा. तोही फाइल शेवटची कधी वाचली गेली यावर चालतो. ती नोंद बंद ठेवलेल्या संगणकांवर त्याला काही कळत नाही. शिवाय पॉपकॉन स्वखुशीनं चालू करायचं असतं. म्हणजे हा कल आहे, मतदान नव्हे. शेवटचा शब्द मराठीच्या चाचणीचा आणि पत्रकावरच्या 'काय करत नाही'चा असावा.

निवडलेली पॅकेजं एका दमात बसावीत म्हणून मेटापॅकेज करतात, म्हणजे स्वतः रिकामं पण इतर पॅकेजं बोलावणारं पॅकेज. इक्विव्ह्ज नावाच्या साधनानं ते एका छोट्या मजकूर-फाइलीतून तयार होतं. त्यात दोन गोष्टी सांभाळा. निवडलेली नावं 'डिपेंड्स'मध्ये (हवीच) न घालता 'रेकमेंड्स'मध्ये (शिफारस) घाला. 'डिपेंड्स'मध्ये घातलीत तर कुणी एक नको असलेला प्रोग्रॅम काढला की मेटापॅकेजही निघतं, आणि पुढच्या साफसफाईत ॲप्ट बाकीचे सगळे प्रोग्रॅमही काढायला निघतं. आणि विभागाच्या ओळीत नमुन्यातलं 'मिस्क' बदलून 'मेटापॅकेजेस' लिहा; मग त्याच्यासोबत आलेली पॅकेजं ॲप्ट 'आपोआप आलेली' धरत नाही. मराठी वातावरणासाठी टास्क-मराठी-डेस्कटॉप आणि शाळेच्या विषयांसाठी 'एज्युकेशन'नं सुरू होणारी मेटापॅकेजं डेबियनमध्ये तयार आहेत. ती आधी वापरून पाहा, उरलेल्यासाठीच स्वतःचं करा. लॅबमधल्या तीस संगणकांवर हे उतरवायचं तर एका संगणकावर ॲप्ट-कॅशर-एनजी हे उतरवलेली पॅकेजं साठवून ठेवणारं साधन ठेवा, बाकीच्यांना ३१४२ पोर्टवर त्याच्याकडे वळवा. पॅकेज बाहेरून एकदाच येतं.

उबुंटूवर एकच प्रोग्रॅम डेब (डेबियनचं नेहमीचं पॅकेज), स्नॅप आणि फ्लॅटपॅक अशा वेगवेगळ्या प्रकारच्या पॅकेजांच्या रूपांत दिसू शकतो. तिथला फायरफॉक्सचा डेब तर स्नॅप आणून देणारं टरफल आहे. पत्रकावर स्रोत लिहाच. फ्लॅटपॅकमधून घेतलेल्या प्रोग्रॅमला पेन ड्राइव्ह दिसत नाही अशी तक्रार आली तर पेन ड्राइव्ह बदलत बसू नका. त्या प्रोग्रॅमला तिथपर्यंत जायची परवानगी दिलेली नसते. फ्लॅटसील या साधनातून ती देता येते.

तपासणी आणि निगा

कधीच लिनक्स न वापरलेल्या पाच जणांना कागदावर कामं लिहून द्या: दोन पीडीएफ जोडा, चादरीची नक्षी चौकटींच्या जाळीवर आखा, गाण्याचा तीस सेकंदांचा तुकडा कापा, तेलुगू आणि मराठी दोन्हींत पत्रिका टाइप करा. शेजारी बसा, पण बोलू नका, बोटानं दाखवू नका. त्यांनी टाइप केलेला पहिला शब्द आणि केलेलं पहिलं क्लिक एवढंच लिहून घ्या. पहिलं क्लिक चुकलं तर खणाचं नाव चुकलंय. शब्द टाइप करून काहीच आलं नाही तर तो शब्द त्याच दिवशी समानार्थी फाइलीत घाला. काही न सापडलेल्या शोधांची नोंद यंत्रानं आपोआप ठेवावी, नुसता शब्द आणि तारीख, शोधणाऱ्याचं नाव नको, आणि ती यादी आठवड्यातून एकदा वाचावी.

डेबियनची नवी स्थिर आवृत्ती साधारण दोन वर्षांनी येते. आली की यादीतलं प्रत्येक नाव ॲप्टच्या 'पॉलिसी' आज्ञेतून पार करा. ज्याच्यापुढे उमेदवार आवृत्ती 'नन' (काहीच नाही) दिसते किंवा ज्याची माहितीच येत नाही ते पॅकेज भांडारातून गेलेलं आहे. त्याचं पत्रक पुसून टाकू नका. जुन्या नावानं शोधणारे पुढची कित्येक वर्षं येत राहतात. पत्रकावर 'आता हे नाही, त्याऐवजी हे' लिहा, नव्याची मराठी चाचणी पुन्हा करा आणि खाली तारीख टाका.